डिस्कसची टाकी, बरेच महिने वापरून झाल्यावर: काय कामाचं निघालं, काय कपाटात गेलं

डिस्कस फार नाजूक मासा, असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, पाणी किती दिवसांनी बदलता? उत्तर बहुधा ‘आठवड्यातून एकदा, थोडंसं’ असं येतं. निम्मं निदान तिथेच होतं.

हा अनुभव कुठल्या एका वस्तूचा नाही, सगळ्या मांडणीचा आहे. साधारण ३०० लिटरची टाकी, तळाला खडी किंवा वाळू काही नाही. सहा डिस्कस, सगळे पैदास केलेले, नदीतून पकडलेला एकही नाही. दोन मोठे स्पंज फिल्टर, एक कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर), दोन हीटर आणि ते चालवणारा बाहेरचा तापमान कंट्रोलर. शेजारी एक झाकणाचं पिंप, त्यात एक पाण्यात बुडणारा पंप आणि लांब नळी. यात सगळ्यात कमी देखणं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं काय, तर ते पिंप. बाकी कशावरही तडजोड करा, पिंपावर करू नका.

कारण साधं आहे. डिस्कस गरम पाण्यात राहतो, दिवसातून अनेकदा खातो आणि खाणं प्रथिनांनी भरलेलं असतं, त्यामुळे घाणही भरपूर होते. ती घाण फिल्टर नाहीशी करत नाही, तिचं रूप बदलतो. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट आणि पाण्यात विरघळलेले बाकीचे सेंद्रिय पदार्थ टाकीतच साठत राहतात, आणि ते बाहेर काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी काढून नवं भरणं. मी दर दोन-तीन दिवसांनी ४० ते ५० टक्के बदलते. पिल्लं वाढत असताना रोज बदलत होते. एवढं काम बादल्या उचलून होत नाही. पहिले काही आठवडे उत्साहाने होतं, मग एक दिवस राहून जातं, मग दोन. पंप आणि नळी असली की बटण दाबायचं आणि नळी धरून उभं राहायचं.

पिंपात पाणी आदल्या दिवशी भरून ठेवते, एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड) चालू, छोटा हीटर चालू. नुसत्या क्लोरिनची गोष्ट असती तर एवढा खटाटोप गरजेचा नव्हता, क्लोरिन काढायच्या औषधाचे थेंब टाकून भागलं असतं. पण दाबाखालून आलेल्या थंड पाण्यात वायू जास्त विरघळलेले असतात. ते पाणी थेट गरम टाकीत सोडलं की ते वायू सुटायला लागतात. नळाच्या ताज्या पाण्याने टाकी भरून एकदा जवळून बघा: काचेवर, हीटरवर आणि माशांच्या परांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात. काचेवरचे निरुपद्रवी, परांवरचे नाहीत, कारण तेच कल्ल्यांच्या आतही होऊ शकतात. शिवाय नळाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच सरकतो. तो पिंपात सरकलेला बरा. तुमच्याकडच्या पाण्यात क्लोरामाईन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर मात्र हवा सोडून भागत नाही, ते तसं उडून जात नाही. त्याला क्लोरिन काढायचं औषध लागतं, आणि औषधाने ते फुटल्यावर मागे उरणारा अमोनिया सांभाळायला धडधाकट फिल्टरही लागतो.

आता हीटर. तापमान २९ अंशांवर ठेवलंय. २८ ते ३० मधलं कुठलंही चालतं, पण ते रोज वरखाली होता कामा नये. एक मोठा हीटर घेण्याऐवजी १५० वॉटचे दोन घेतले. एक बंद पडला तर दुसरा बराचसा वेळ निभावतो, आणि एक चालू अवस्थेत अडकला तरी पाणी उकळण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. अडकण्याचं अगदीच काल्पनिक नाही. दोनांपैकी एकाचा आतला थर्मोस्टॅट मध्येच चिकटला आणि दिवा विझेचना. मासे वाचले ते कंट्रोलरने वीज तोडल्यामुळे. हीटरच्या स्वतःच्या चकतीवर कंट्रोलरपेक्षा एखाद-दोन अंश जास्त लावायचे, म्हणजे रोजचा कारभार कंट्रोलर बघतो आणि तो बिघडला तर हीटरची चकती राखणीला असते.

कंट्रोलरबद्दल एक गोष्ट माहितीपत्रकात मला कुठे दिसली नाही. त्याचा सेन्सर टाकीत वरच्या बाजूला चिकटवला असेल, तर पाणी काढताना तो हवेत उघडा पडतो. हवा पाण्यापेक्षा गार. कंट्रोलरला वाटतं टाकी गार झाली, आणि तो हीटर पेटता ठेवतो. निम्म्या उरलेल्या पाण्यात. म्हणून सेन्सर अगदी खाली, निम्मं पाणी काढलं तरी बुडलेला राहील असा बसवा, आणि पाणी बदलताना हीटरचं बटण बंदच करा. काचेचा तापलेला हीटर हवेत उघडा पडून त्यावर पाणी आलं तर तडकतो, हेही त्यातच टळतं.

गरम पाण्याचा दुसरा खर्च प्राणवायूचा. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. फरक कागदावर किरकोळ, पण त्याच वेळी मासे आणि जिवाणू दोघांचीही गरज वाढलेली असते. त्यामुळे वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप मी चैन मानत नाही. वीज गेली की टाकी गार व्हायला तास लागतात, प्राणवायूची चणचण त्याच्या कितीतरी आधी जाणवते.

स्पंज फिल्टरबद्दल तक्रार नाही. कुरूप आहे, आवाज करतो, काम करतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही. कॅनिस्टरबद्दल मत थोडं बदललंय. पाणी लख्ख दिसतं हे खरं, पण घाण नजरेआड जाते आणि तिथेच कुजत बसते, त्यामुळे तो उघडायचा कंटाळा केला तर स्पंजपेक्षा वाईट. त्याच्या झोताचं तोंड मागच्या काचेकडे वळवलंय. डिस्कसला प्रवाहाशी झुंजायला आवडत नाही. चपटं, उंच अंग घेऊन तो झोतात आडवा ढकलला जातो.

पाण्याच्या रसायनशास्त्रावर मात्र थोडं जास्त बोलायचंय, कारण लोक सगळ्यात जास्त वस्तू इथेच विकत घेतात. ॲमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो, तिच्या काळ्या पाण्यात पीएच पाचच्या खालीही असतो, आणि जोहान याकोब हेकेल यांनी १८४० साली ज्याचं वर्णन केलं तो डिस्कस अशाच पाण्यातला. हे वाचून माणूस पाण्यातले क्षार काढून टाकणारं आरओ यंत्र आणतो, पीएच उतरवायच्या बाटल्या आणतो. पण दुकानातून येणारे रंगीबेरंगी डिस्कस पिढ्यान् पिढ्या टाक्यांमध्ये वाढलेले असतात. साडेसहा ते साडेसात पीएचमध्ये ते नीट राहतात, आणि स्थिर साडेसात हा रोज हलणाऱ्या सहापेक्षा चांगला.

निव्वळ आरओच्या पाण्यात एक सापळा आहे. अमोनिया निपटताना फिल्टरमधले जिवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारे क्षार, खातात, दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात मिलिग्रॅम. आरओच्या पाण्यात ती मुळातच नसते, म्हणून पीएच हळूहळू आणि मग एकदम कोसळतो. पीएच खाली गेला की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठतो, पण मासे ठीक दिसतात, कारण कमी पीएचला तो बहुतेक सगळा निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. मग आपण काळजीने भरपूर नवं पाणी घालतो, पीएच वर उसळतो, आणि साठलेलं सगळं विषारी होतं. पीएच ७ आणि तापमान ३० असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ ला तोच हिस्सा सात टक्क्यांच्या वर जातो. ‘पाणी बदललं आणि मासे गेले’ अशा कहाण्यांपैकी काहींमागे हेच असतं, आणि नाव मात्र पाणी बदलण्याचं खराब होतं. नळाचं पाणी फारच जड असेल तर आरओचं पाणी त्यात मिसळून वापरावं, निव्वळ नको. माझं यंत्र सध्या फक्त पैदाशीच्या टाकीसाठी आहे. पीएच उतरवायच्या बाटल्या कपाटात. टीडीएस मीटर ठेवलाय, पण तो एकूण किती विरघळलंय एवढंच सांगतो, काय विरघळलंय ते नाही, म्हणून केएचचं, म्हणजे क्षारता मोजायचं, थेंबांचं किट वेगळं हवंच.

रिकाम्या तळावर घरी येणारे सगळे नाक मुरडतात. दवाखान्यासारखं दिसतं म्हणे. दिसतंच. पण मला तळ रिकामा हवा तो विष्ठा दिसावी म्हणून. खाण्याच्या रंगाची, गडद, तुटक असेल तर पोट ठीक. पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यातल्या परजीवींची शंका, हेक्झामिटा म्हणून लोक ओळखतात तो किंवा जंत. पण इथेही घाई नको: ज्या माशाने दोन दिवस खाल्लेलं नाही त्याचीही विष्ठा पांढरी, नुसत्या श्लेष्म्याची असते. एकदा पांढरी दिसली म्हणून मेट्रोनिडाझोल हे औषध ओतायला मी तयार नाही. पांढरी विष्ठा, खाणं तोंडात घेऊन थुंकणं, अंग काळवंडणं आणि कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, हे सगळं मिळून काही दिवस दिसलं तर औषध, तेही त्या माशाला वेगळ्या टाकीत काढून. कल्ल्यांच्या कृमींची खूण वेगळी. मासा एका बाजूचं कल्ल्याचं झाकण मिटून दुसऱ्याच बाजूने भराभर श्वास घेतो, मध्येच एखाद्या वस्तूवर अंग घासतो. तिथे प्राझिक्वान्टेल उपयोगी पडतं, मेट्रोनिडाझोल नाही.

अंगावरचे उभे पट्टेही वाचता येतात. बहुतेक डिस्कसना नऊ असतात, आणि घाबरला की ते गडद उमटतात. पण पिजन ब्लड जातीच्या माशांमध्ये हे पट्टे दिसतच नाहीत. त्यांच्याकडे बघून ‘शांत आहे’ असा निष्कर्ष काढू नका, त्यांचं खाणं आणि श्वास बघा. या जातीवर काळे शिंतोडे असतात आणि गडद पार्श्वभूमीवर ते वाढतात, म्हणून मागची काच फिकट निळी ठेवलीय. तळाच्या काचेलाही बाहेरून फिका रंग दिलाय, नाहीतर खालच्या प्रतिबिंबाने मासे बिचकतात. शोभेला एक मोठं लाकूड आणि त्यावर बांधलेलं अनुबियसचं रोप. गरम पाण्यात ते टिकलंय.

खाण्यात रोजचे दाणे, अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म. बीफहार्टचं (गुरांच्या हृदयाच्या मांसाचं) मिश्रण वाढीला उत्तम, पण टाकी इतकी घाण करतं की ज्या दिवशी घालायचं त्याच दिवशी पाणी बदलायची तयारी हवी. जिवंत ट्युबिफेक्स मी आणत नाही, घाणीत वाढलेल्या किड्यांबरोबर काय येईल याचा भरवसा नाही. उरलेलं खाणं पंधरा-वीस मिनिटांत नळीने ओढून काढते. पिल्लांना दिवसातून चार-पाचदा द्यावं लागतं. त्या वयात खाणं किंवा पाणी कमी पडलं तर अंग लांबट राहतं आणि डोळा चेहऱ्याच्या मानाने मोठा दिसतो. ती वाढ पुढे भरून निघणं कठीण. विकत घेताना आधी डोळा बघा.

यूव्ही दिव्याबद्दल विचारणारे बरेच असतात. पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळावर आणि जंतूंवर तो चालतो. आतड्यात किंवा कल्ल्याला चिकटून बसलेल्यावर त्याचा काय परिणाम होणार? शिवाय त्याची नळी जळत असताना दिसली तरी तिची ताकद ओसरत जाते, साधारण वर्षाने बदलावी लागते. माझा आता कपाटात, बाटल्यांच्या शेजारी.

नव्या माशाचा विलगीकरणाचा काळ मात्र अजिबात कमी करू नये. चार ते सहा आठवडे, वेगळी टाकी, वेगळी जाळी, वेगळी नळी. वेगवेगळ्या ठिकाणचे दोन निरोगी दिसणारे गट एकत्र केले की दोन्ही आजारी पडतात, हे जुन्या लोकांकडून ऐकलं होतं ते तंतोतंत खरं आहे. त्यांना परस्परांचे जंतू नवे असतात. म्हणून शेवटच्या टप्प्यात आपला एक मासा नव्यांबरोबर ठेवून बघायचा, आणि दोन आठवडे सगळं ठीक गेलं तरच मोठ्या टाकीत. एंजल फिश तर मी सोबत ठेवतच नाही. ते स्वतः आजारी न दिसता परजीवी बाळगून असू शकतात. सोबतीला कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बाय कोरीडोरस हे छोटे मासे, दोघांनाही गरम पाणी मानवतं. तेही विलगीकरणातूनच आले.

सहाच्या गटात दमदाटी वाटली जाते. तीन असते तर सगळा मार एकालाच बसला असता. अलीकडे दोघांनी मिळून कॅनिस्टरच्या उभ्या नळीची एक बाजू घासून स्वच्छ केली आणि तिथे अंडी घातली. बाकीच्यांनी ती रात्रीत खाल्ली. डिस्कसची पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापांच्या अंगावरच्या श्लेष्म्यावर जगतात, म्हणून नुसती अंडी बाजूला काढून चालत नाही, जोडीच हलवावी लागते. ती टाकी मांडून झालीय: शंभर लिटर, एक स्पंज, अंडी घालायला एक उभा मातीचा सुळका, आणि आरओचं पाणी मिसळून केलेलं मऊ पाणी. पिंप दोन्ही टाक्यांना पुरत नाही, दुसरं आणायचंय.