पेंटियम जी४५६० की रायझन २२००जी? जुन्यात घ्यायचा तर कुठला

कमी पैशात जुना पीसी बसवायचा म्हटलं की ह्या दोन प्रोसेसरची नावं फिरून फिरून येतात, इंटेलचा पेंटियम जी४५६० आणि एएमडीचा रायझन ३ २२००जी. माझ्याकडं दोन्ही आहेत. शाहूपुरीत डीटीपीचं दुकान आहे, काउंटरवर बिलिंगला पेंटियम आणि आत डिझाइनच्या टेबलावर रायझन, त्यामुळं कुणाचं ऐकून नाही, रोज वापरून लिहितोय. आणि आधीच सांगतो, नुसत्या प्रोसेसरच्या नावावर सौदा केलात तर गंडाल, निम्मा खेळ मदरबोर्ड आणि रॅमचा आहे.

पेंटियमपासून सुरुवात करू. २०१७ च्या जानेवारीत हा आला, किंमत ६४ डॉलर, दोन कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेड (एका वेळी हातात घेता येणारी कामं). त्याच्या आधीच्या जी४४०० ला हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन थ्रेड चालवायची सोय) नव्हतं, ते पाहिजे तर वरचा महाग आय३ घ्या असा इंटेलचा हिशोब होता. मग ह्या पेंटियमला त्यांनी ते देऊन टाकलं आणि स्वतःच्याच आय३-७१०० चं गिऱ्हाईक पळवलं, तो ११७ डॉलरचा होता बघा, कोण घेणार. त्या वर्षी बजेट गेमिंग पीसी म्हटलं की जी४५६० आणि सोबत जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ही जोडी ठरलेली. स्पीड ३.५ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरज पडली की आपोआप वेग वाढणं) वगैरे काही नाही, जे आहे ते आहे.

रायझन २२००जी वर्षभरानं, २०१८ च्या फेब्रुवारीत आला, ९९ डॉलरला. चार खरे कोर, थ्रेडही चारच, ३.५ वरनं ३.७ पर्यंत चढतो, आणि आत व्हेगा ८ ग्राफिक्स (वेगळं कार्ड लागत नाही), त्याच्यासाठीच लोक हा घेत होते.

आता कामाचं. कोरलड्रॉमध्ये एका वेळी एकच फाइल उघडून बसलात तर दोघांत फरक कळतच नाही, खरंच सांगतो, कारण असल्या कामाला एक कोर किती पळतोय एवढंच बघतात आणि एका कोरला हे दोघं जवळजवळ बरोबरीचे आहेत. पण गणपतीच्या आधी किंवा निवडणुकीत दुकानात काय चाललेलं असतं, कोरल उघडं, फोटोशॉपमध्ये नेत्याचा फोटो कटिंगला लावलाय, क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब, मागं एक फाइल पीडीएफ होतीय आणि पुढं गिऱ्हाईक उभं, "दादा, फोटो पाठवलाय, तेवढा टाका की लगेच". अशा वेळी पेंटियम दम टाकतो. माऊस सुद्धा अडखळतो. सगळे कोर कामाला लावले की रायझन साधारण दीडपट काम काढतो आणि ते हाताला जाणवतं. बिलिंग, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्सवाल्याचं काम एवढंच असेल तर पेंटियम लई झाला, फक्त एसएसडी पाहिजे. हार्ड डिस्कवर विंडोज टाकून "प्रोसेसर स्लो आहे" म्हणून रडणारे लोक मी बघितलेत, त्यात प्रोसेसरचा काय दोष.

रायझनची गोम रॅममध्ये आहे आणि हे दुकानदार सांगत नाहीत. व्हेगाला स्वतःची मेमरी नाही, तो आपल्या रॅमवरच जगतो, त्यामुळं आठ जीबीची एकच पट्टी टाकली की ग्राफिक्सचा जीव निम्मा झाला म्हणून समजा. चार-चारच्या दोन पट्ट्या टाका, त्या पण बरोबर स्लॉटमध्ये, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं) चालू होतं. आणि रॅम २४०० पेक्षा २९३३ स्पीडची मिळाली तर घ्या, हा तेवढी अधिकृतपणे घेतो, पेंटियम २४०० लाच थांबतो. माझ्या ओळखीच्या एकाला एका दुकानातनं एका पट्टीवरच मशीन बांधून दिलेलं, पोरगं म्हणतंय गेम अडकतोय, प्रोसेसर बदला. दुसरी पट्टी टाकली, गप्प बसलं. जीटीए फाइव्ह सेटिंग कमी ठेवून व्यवस्थित चालतो, ते पण कार्ड न लावता. पेंटियमच्या आतल्या एचडी ६१० ग्राफिक्सवर तसला नाद करू नका, ते डिस्प्ले दाखवायला आणि यूट्यूब बघायलाच आहे. एक बारीक गोष्ट, रायझन आठ जीबीतली एक-दोन जीबी ग्राफिक्सला बाजूला काढून ठेवतो, विंडोजमध्ये रॅम कमी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) कमी करता येतं.

घरात इंजिनिअरिंगचं पोरगं असेल तर अजून एक. पेंटियममध्ये एव्हीएक्स नावाच्या, जड गणितं भराभर करणाऱ्या सूचनाच इंटेलनं बंद ठेवल्यात. रोजच्या कामाला काही फरक पडत नाही, पण टेन्सरफ्लो (मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर) १.६ पासनं तयार पॅकेज एव्हीएक्स नसेल तर चालतच नाही, मोंगोडीबी ह्या डेटाबेसच्या ५.० चं पण तसंच. रायझनला ही कटकट नाही. उद्यमनगरात एका मित्राच्या वर्कशॉपला ऑटोकॅडच्या टूडी ड्रॉइंगला मात्र पेंटियमच आहे आणि तो मजेत आहे, त्याच्या पंख्यात लोखंडाची धूळ जाते तोच काय तो त्रास.

आता बोर्ड, माझं मत इथंच ठरतं. पेंटियमचा एच११० किंवा बी२५० बोर्ड सातव्या पिढीला संपतो, जास्तीत जास्त आय७-७७०० किंवा ७७००के. आठव्या पिढीचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) दिसायला तेच एलजीए ११५१, पण इंटेलनं ते चालू दिलं नाही. आणि जुना ७७०० घ्यायला गेलात तर चार कोरसाठी अजून भाव मागतात, त्यात काही अर्थ नाही. रायझनचा एएम४ सॉकेटचा बोर्ड असला तर उद्या बायोस अपडेट मारून त्यावरच रायझन ५ ५६०० बसतो, बी४५० बोर्डावर तर आरामात, जुन्या ३०० सिरीजच्या बऱ्याच बोर्डांना पण २०२२ मध्ये एएमडीनं परवानगी दिली. सहा कोर, बारा थ्रेड, त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर. म्हणून आज नव्यानं जुना पीसी घेणाऱ्यानं थोडे पैसे जास्त गेले तरी २२००जी घ्यावा असं मला वाटतं. घरात आधीच पेंटियम असेल तर मात्र तो विकून हा आणण्याचा उद्योग करू नका, हातात काही उरत नाही.

विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत दोघंही नाहीत. पेंटियम सातव्या पिढीचा म्हणून बाहेर, रायझन नाव २००० सिरीजचं असलं तरी आतनं पहिल्या झेन डिझाइनचा म्हणून बाहेर. जुगाड करून टाकता येतं, लोक टाकतात, पण "ओरिजिनल विंडोज ११ सपोर्ट" म्हणून कोण जादा पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळं बँकिंग करणाऱ्यांनी हा विचार आधीच करावा. लिनक्स दोन्हीवर मस्त चालतं.

घेताना बघायचं काय, तर रायझन हातात घेऊन उलटा करा, पिना प्रोसेसरलाच असतात, एक जरी वाकलेली दिसली तर खाली ठेवा. पेंटियमला उलटं, पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये, तिथं मोबाईलची बॅटरी मारून बघा. रायझनचा कूलर काढायचा असेल तर आधी मशीन दहा मिनिटं चालू ठेवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून हळूच फिरवून काढा, नाहीतर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधनं उपसून येतो आणि पिना जातात. इंटेलच्या कूलरचे प्लास्टिकचे चार पाय पण तपासा, जुन्या मशीनमध्ये एखादा तुटलेला असतोच आणि मग तापून सगळं हँग होत बसतं.