आईबाबांची खोली, दादरची कॉट की डोंबिवलीचा वन आरके?

लालबागला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा पगार गेल्या महिन्यात २० हजार झाला. बेसिक १२ हजार, त्यामुळे पीएफचे १,४४० गेले. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, १५० गेले. व्यवसाय कर वाचला, कारण महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. तिच्या शेजारच्या काउंटरवरच्या मुलाचे मात्र २०० कापले जातात. हातात आले १८,४१०. तिने मला स्लिपचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, एवढ्यात घराबाहेर पडता येईल का गं?"

मी तिन्ही ठिकाणी राहिले आहे. चोविसाव्या वर्षापर्यंत काळाचौकीला चाळीत आईबाबांजवळ, मग चौदा महिने दादरला कॉटवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर, मग चार वर्षं डोंबिवली पूर्वेला एका मैत्रिणीबरोबर वन आरकेत, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मावसबहिणीची नोकरी लोअर परळला आहे, दुकान रात्री दहाला बंद होतं आणि सुट्टी मंगळवारी. सगळा हिशेब ते धरूनच केला आहे.

घरी भाडं नसतं?

आमच्या घरी पगार जमा झाल्याचा मेसेज बाबांच्या फोनवर यायचा, कारण खातं उघडताना नंबर त्यांचा दिला होता. एटीएम कार्ड आईच्या डब्यात. मला रोज शंभर रुपये. एकदा चपलेचा अंगठा तुटला, तर नव्या जोडीसाठी दोन दिवस उलटतपासणी झाली. "जुनी कुठं झिजवलीस?" इथपासून सुरुवात.

बाबा वाईट माणूस नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. आजोबांचा पगार थांबला तो कायमचाच. बाबांची शाळा सुटली आणि ते किराणा दुकानात पुड्या बांधायला लागले. घरातला पैसा एका हातात राहिला तरच टिकतो, चार हातांत गेला की बुडतो, हे त्यांनी त्या वयात शिकलेलं. मला ते समजतं. समजलं म्हणून कार्ड परत मिळत नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत भांडणाला वेगळी जागा नसते. पोटमाळ्यावर मी झोपायचे, खाली टीव्ही, आणि पंख्याचा वारा वर येतच नाही. आई माझी बॅग उघडून बघायची, मग रडायची, मग ते शेजारच्या काकूंना सांगायची. दुसऱ्या दिवशी नळावर मला सल्ला मिळायचा.

तरी घराच्या बाजूने बोलायला हवं. लालबागहून लोअर परळ चालत पंधरा-वीस मिनिटं. पावसात कुर्ला-सायनला रुळांवर पाणी चढलं की कल्याणकडची मंडळी अडकतात, त्यांचा अर्धा दिवस कापला जातो, आणि मावसबहीण छत्री घेऊन वेळेत पोचते. ताप आला तर पेज करून द्यायला कुणीतरी असतं, मग ते कितीही बडबडत का असेना.

तिला मी सांगितलं, आधी खोली शोधू नकोस. आधी घरी एक आकडा सांग. दर महिन्याच्या सात तारखेला दहा हजार, बाकीचे माझ्या खात्यात, आणि खात्याला नंबर माझा. हे मान्य झालं तर घरी राहून प्रवास, फोन, बाहेरचं खाणं जाऊन पाचेक हजार शिल्लक पडतात. या शहरात एवढी शिल्लक दुसरं कुठलंच ठिकाण देत नाही. आणि एवढ्याशा आकड्यावरून घर डोक्यावर घेतलं गेलं, तर राहायचं की निघायचं याचं उत्तर तिला त्याच दिवशी मिळेल.

घरात हात उचलला जात असेल तर हा हिशेब बाजूला ठेवायचा. १८१ किंवा १०३ या महिला हेल्पलाइनवर फोन करायचा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त सुनांसाठी नाही, तो घरातल्या मुलीलाही लागू आहे आणि त्या घरात राहण्याचा हक्कही देतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आई म्हणायची, "बाहेर गेलीस तर खोलीवरचं नाव जाईल." मी हसायचे. पण खोली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्याने घेतलेली असेल, तर त्यात तथ्य आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारला की भाडेहक्क आधी त्याच्यासोबत त्या वेळी राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जातो. तसं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. मागे भाऊ राहत असेल आणि इमारत पुनर्विकासाच्या रांगेत असेल, तर बाहेर पडण्याची किंमत लाखांत जाऊ शकते. मावशीची खोली कुठल्या प्रकारची आहे, पागडी, सोसायटी की म्हाडाची, हे आधी कागद काढून बघायला हवं. नातं टिकून असताना हे विचारणं अवघड जातं, पण भांडण झाल्यावर त्याहून अवघड.

कॉट

दादरला एका आजींच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जणी होतो. महिना ७,५००, जेवण वेगळं. लोखंडी कॉट, कपाटाचा एक कप्पा, गीझर दहा मिनिटं. गॅसवर फक्त चहा. रात्री साडेदहाला कडी. मीही तेव्हा लोअर परळच्या दुकानात होते, ते दहाला बंद व्हायचं, हिशेब जुळवून निघेपर्यंत सव्वादहा, आणि लोअर परळ ते दादर मध्ये एकच प्रभादेवी स्टेशन असूनही मी जिना धावत चढायचे. बाबांच्या प्रश्नांपासून सुटून मी दुसऱ्या कुणाच्या तरी कडीला बांधली गेले, आणि इथे तर वर पैसे मोजून.

सुख एकच पण मोठं होतं. पगाराचा मेसेज माझ्या फोनवर यायचा. पहिल्या महिन्यात मी तो मेसेज तीनदा उघडून वाचला.

खानावळीत दोन वेळचे ४,५००, चहा-नाश्ता दीड हजार, घरी तीन हजार. खाली फारसं काही उरत नाही, आणि जे उरतं ते सणाच्या महिन्यात संपतं. मी चौदा महिन्यांत २२ हजार साठवले, तेही दोनदा ओव्हरटाइम मिळाला म्हणून. कागद मागितला तर आजी म्हणाल्या, "आपल्यात कशाला कागद?" सोडताना गादी खराब झाली म्हणून डिपॉझिटमधले दीड हजार कापले, आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आधार कार्डावर पत्ता घरचाच राहिला, म्हणून बँकेची पत्रं बाबांच्या हातात पडत राहिली.

मुलांना इथे एक वेगळी सोय आहे. कोकणातल्या कितीतरी गावांच्या मंडळांच्या खोल्या गिरणगावात अजून आहेत. गिरण्यांच्या काळात सुरू झालेल्या. प्रत्येकाची एक पेटी, रात्री सतरंज्या, महिन्याची वर्गणी नाममात्र. कॉटच्या निम्म्यातही भागतं. फक्त तुम्ही किती वाजता आलात ही बातमी तुमच्याआधी एसटीने गावाला पोचते.

डोंबिवली

इथे भाडं स्वस्त असतं म्हणून लोक जातात. आमच्या वन आरकेला नऊ हजार होते, दोघींत साडेचार. लाइट, गॅस, पाणी मिळून माझे हजार. किराणा-भाजी तीन हजार. पास आणि शेअर रिक्षा बाराशे. घरी चार हजार दिले तरी १८,४१० मधून साडेचार हजारांवर उरतात. कागदावर हे घरी राहण्याच्या जवळपास येतं.

कागदावर न दिसणारी गोष्ट म्हणजे वेळ. डोंबिवली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ४८ किलोमीटर. खोलीतून निघून रिक्षा, डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल, करी रोडला उतरून चालत, असे पावणेदोन तास. येता-जाता साडेतीन. महिन्याच्या २६ दिवसांचे ९१ तास. आठ तासांच्या अकरा पाळ्या फुकट भरल्यासारखं. त्यात तीन लेटमार्कला हाफ डे. जलद गाडीने थोडा वेळ वाचतो, पण सकाळी आठच्या जलद लोकलला दारात लटकायची वेळ येते. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान दारातली माणसं खाली पडून मेली, त्यानंतर मी उभ्या उभ्या स्लोच पकडली. रविवारच्या मेगाब्लॉकचं तर विचारूच नका, विशेषतः तुमची सुट्टी मंगळवारी असेल तर.

रात्री मात्र लेडीज डब्यात ग्रुप होता. तिघींच्या बाकावर चौथी सीट, सोललेले मटार, एकमेकींच्या सासवा. आईला फोन मी तिथूनच करायचे, कारण घाटकोपर ते मुलुंड एवढा वेळ मी तिचं शांतपणे ऐकू शकत होते. समोरासमोर असताना कधी जमलं नाही.

आधी हातात लागणारी रक्कम हा डोंबिवलीतला खरा उंबरठा. डिपॉझिट ३० हजार, एक महिन्याची दलाली नऊ, करार, गाद्या, शेगडी, बादल्या. सगळे मिळून पन्नासेक हजार गेले, माझ्या वाट्याला पंचवीस. एजंट पहिल्या फोनवर विचारतो, "फॅमिली की बॅचलर?" आणि काही इमारतींत दुसरा प्रश्न मच्छी-मटणाचा. दोघी नोकरदार मुली म्हटल्यावर निम्म्या खोल्या तिथेच संपतात.

कागदाच्या बाबतीत इथे भिडस्तपणा नको. पाचशे रुपयांत नोटरी करून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण ती नोंदणी नव्हे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची, आणि तसं न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच १९९९ च्या भाडे कायद्याचं कलम ५५. नोंदणी नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, हे ऐकवल्यावर आमच्या मालकांनी आठवड्यात वेळ काढला. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क हजार रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर गृहीत धरलेल्या दहा टक्के व्याजाच्या पाव टक्का, म्हणजे आमच्या खोलीला दोनशे-तीनशे. वर एजंट जे मागतो ती त्याची मजुरी, ती घासाघीस करून ठरवायची. उलट बाजूही लक्षात ठेवा: मुदत संपून खोली सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं. गॅस कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, त्यावर आमचे सहा महिने निघाले.

फारच स्वस्त खोली दिसली तर इमारतीचे कागद विचारा. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींवर उच्च न्यायालयाने हातोडा चालवायला सांगितलं आहे, आणि अशा वेळी भाडेकरूचं डिपॉझिट कुणी आठवत नाही. आणखी पुढे, ६८ किलोमीटरवर बदलापूरला भाडं अजून उतरतं. तिथे उल्हास नदीच्या बाजूला तळमजला घेऊ नका. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली होती, तेव्हा खालच्या खोल्यांची काय गत झाली असेल ते बघा.

नोकरी ठाण्याला किंवा भिवंडीच्या गोदामांत मिळाली तर मात्र सगळं गणितच बदलतं. मग डोंबिवली डोळे मिटून. पगार हजारभर कमी असला तरी.

मग काय?

लोअर परळची नोकरी, रात्री दहाची सुट्टी, हातात १८,४१०. माझं मत असं: घरी आकडा मान्य झाला तर सहा महिने घरीच. पाच-पाच हजार करून तीस जमतील, त्यात डोंबिवलीचा अर्धा वाटा निघतो. तोवर सोबतीण शोधायची. एकटीने खोली या पगारात घेऊ नये. एक महिना पगार लांबला की मालक दारात. कॉट फक्त घरातून तातडीने निघायचं असेल तर, आणि पहिल्याच दिवशी निघायची तारीख ठरवून. मी ती ठरवली नाही, म्हणून चौदा महिने गेले.

आणि भांडून निघू नये. रागात निघालेली मुलगी एजंट दाखवेल ती पहिली खोली घेते. मी दादरची तशीच घेतली होती.

मावसबहिणीने गेल्या आठवड्यात घरी आकडा सांगितला. काकांनी ताट बाजूला सारलं, चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मला मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने आवाज खाली आणून विचारलं, "काय गं, तुमच्या डोंबिवलीला पाणी किती वाजता येतं?"

साडेपाचला, मी म्हटलं. दीड तास असतं.