मनगटावरचे मोजमाप: धावण्याच्या जीपीएस घड्याळाचा दहा महिन्यांचा अनुभव

जून २०२३ मध्ये मी धावण्यासाठी जीपीएस घड्याळ घेतले. आज एप्रिल २०२४ मध्ये त्याच्यावर साधारण सतराशे किलोमीटरची नोंद आहे, आणि त्यात बेळगावचा पावसाळा, थंडी व मुंबईची एक पूर्ण मॅरेथॉन आली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या तक्रारींपैकी बऱ्याच वीस-पंचवीस हजारांच्या कोणत्याही घड्याळाला लागू पडतील असे मला वाटते. माझे वय ४६ आहे. धावायला चाळिशीनंतर लागलो, त्यामुळे हा अनुभव हौशी माणसाचा समजावा.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि बोअर गेज असतो, त्यामुळे जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, बरोबर की चूक हे ठरवण्याआधी मोजणारे साधन स्वतः किती चुकते ते पाहायची सवय अंगात मुरलेली आहे. नवे मायक्रोमीटर आले की आम्ही ते आधी स्लिप गेजवर, म्हणजे नेमकी जाडी ठाऊक असलेल्या ठोकळ्यांवर, तपासतो. घड्याळासाठी स्लिप गेज कोणता, तर ४०० मीटरचा ट्रॅक. पहिल्या लेनची लांबी आतल्या कडेच्या उंचवट्यापासून ३० सेंटीमीटर बाहेर धरलेली असते. तेवढे अंतर राखून मी दहा फेऱ्या मारल्या. चार किलोमीटर भरायला हवे होते, घड्याळाने ४.०६ दाखवले. दोन दिवसांनी ४.०५, नंतरच्या आठवड्यात पुन्हा ४.०६. दीड टक्क्याची चूक आहे, पण दर वेळी जवळपास तेवढीच आहे, हे पाहून मला बरे वाटले. रोज वेगळी चूक करणाऱ्या साधनापेक्षा ठरावीक चूक करणारे साधन केव्हाही परवडते.

ही चूक का होते ते समजून घ्यायला हवे. घड्याळ वीस हजार किलोमीटरहून उंच फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत घेऊन ठरावीक वेळाने आपली जागा ठरवते आणि ते ठिपके सरळ रेषांनी जोडते. वळणावर या रेषा आतून जातात, म्हणजे अंतर घटते. पण प्रत्येक ठिपका दोन-चार मीटर इकडेतिकडे सरकलेला असल्याने रेषा नागमोडी होते आणि अंतर वाढते. माझ्या घड्याळात वाढीचे पारडे जड आहे. कॅम्पातल्या मोठ्या झाडांखाली आणि व्हॅक्सिन डेपोच्या आवारात तर नकाशावरची रेषा झाडांमधून शिवणकाम केल्यासारखी दिसते. सेटिंगमध्ये दोन वारंवारतांवर संकेत घेण्याची सोय आहे; ती चालू केल्यावर परावर्तित संकेतांचा गोंधळ बराच कमी झाला, मात्र बॅटरी लवकर उतरू लागली. आता मी मोकळ्या रस्त्यावर ती बंद ठेवतो.

पहिला मोठा मनस्ताप पावसाने दिला. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस रेंगाळला आणि जुलैत एकदम कोसळला. हिंडलग्याच्या रस्त्यावर चौदा किलोमीटर धावून घरी आलो तर नोंद ९.३ किलोमीटरची. पडद्यावर पडणारे थेंब घड्याळाने बोटाचा स्पर्श समजून नोंद थांबवली होती, पुन्हा चालू केली होती, आणि मधल्या काळात संगीताचा आवाजही वाढवून ठेवला होता. धावताना स्पर्श बंद करून फक्त बटणांवर काम चालवता येते हे पुस्तिकेत कुठेतरी आत लिहिले होते; ते मला दुकानात कोणी सांगितले नाही. आमच्याकडे पावसात धावायचे नाही असे ठरवले तर चार महिने घरात बसावे लागेल, तेव्हा बेळगाव-खानापूर भागातल्या माणसाने बटणे नसलेले घड्याळ घेऊच नये.

सप्टेंबरच्या मध्यात मी अठरा आठवड्यांचा सराव सुरू केला आणि दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, गणेश चतुर्थी आली. त्या दहा दिवसांत घड्याळ माझ्यावर सारखे नाराज होते. मंडळाच्या मंडपात रात्री दोनपर्यंत उभे राहिल्यावर सकाळी ते ‘शरीर सावरलेले नाही’ असे सांगे, ते एक वेळ खरे. पण विसर्जन मिरवणुकीत ढोलाच्या मागे पावलापावलाने सरकताना त्याने चोवीस हजार पावले मोजली, मनावरचा ताण ‘अति’ दाखवला आणि थोडा वेळ शांत बसून दीर्घ श्वास घ्यावा, अशी सूचना केली. आजूबाजूला कोणती शांतता होती हे ज्यांनी आमची मिरवणूक पाहिली आहे त्यांना सांगायला नको. त्यानंतर ताण आणि झोपेचे गुण दाखवणारी दोन्ही पाने मी काढून टाकली.

आता नाडीकडे येतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ आणि वरचे पाच हजार रुपये तिथेच गेले. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो यावरून ठोके मोजतात. डिसेंबरमध्ये पहाटे गारठ्यात निघालो की पहिली दहा-पंधरा मिनिटे घड्याळ १७४ ठोके दाखवी. श्वास तर गप्पा मारता येतील इतका सैल असे. एके दिवशी रेसकोर्सच्या कोपऱ्यावर थांबलो, दोन बोटे मानेवर ठेवली आणि सेकंदकाट्याकडे पाहत पंधरा सेकंद मोजली. तेहतीस ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १३२. मग सहज मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा आकडा पाहिला, तो १७४. घड्याळ नाडीऐवजी माझी पावले मोजत होते! थंडीत कातडीखालचा रक्तप्रवाह कमी होतो, खरी लाट मंदावते आणि पाऊल पडताना हाताला बसणारा हिसकाच साधनाला मोठा वाटतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवून घट्ट केल्यावर निम्मी सुधारणा झाली. उरलेली निम्मी छातीवर बांधायच्या पट्ट्याने झाली. तो हृदयाची विद्युत स्पंदने थेट टिपतो, त्यामुळे तिथे हिसक्याचा प्रश्न फारसा येत नाही.

छातीपट्ट्याने दुसरी एक चूक उघडी पाडली. घड्याळाने माझे कमाल ठोके २२० वजा वय या सूत्राने १७४ धरले होते. ते सूत्र सरासरीचे आहे. एखादा माणूस त्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणे अगदी साधी गोष्ट आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ मी शेवटी जीव तोडून धावलो तेव्हा पट्ट्याने १८७ टिपले. म्हणजे १७४ च्या पंचाहत्तर टक्क्यांवर, १३० ला, जी सोपी धाव संपते असे घड्याळ सांगत होते, ती माझ्या बाबतीत १४० पर्यंत चालायला हवी होती. तीन महिने मी सोप्या दिवशी उगाचच पाय ओढत धावलो आणि तरीही ‘जास्त झाले’ अशी बोलणी खाल्ली. हा आकडा हाताने दुरुस्त करता येतो. ज्याला हृदयाचा काही त्रास नाही आणि ज्याने तपासणी करून घेतली आहे त्याने तो मोजून भरावा. बाकीच्यांनी गडावर असला उद्योग करू नये.

रविवारच्या लांब धावा मी वेंगुर्ला रस्त्याने करत असे: हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची आणि पुढे शिनोळी. शिनोळी महाराष्ट्रात, त्यामुळे बत्तीस किलोमीटरच्या त्या धावेत आम्ही सीमा दोनदा ओलांडायचो आणि वळायच्या जागी केळे व गूळ-शेंगदाणे खायचो. सोबतीला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार असत. वय साठीच्या पुढे, मनगटावर काट्यांचे साधे घड्याळ. प्रत्येक किलोमीटरला माझे मनगट थरथरले की मी खाली पाहायचो. एकदा ते वैतागून म्हणाले, “पळायलास की घड्याळ बघायलास? दम लागलाय का ते तुझं तुला कळत नाही होय?” मी म्हणालो, “सुभेदारसाहेब, पैसे दिलेत, तेव्हा बघायला नको?” यावर ते काही बोलले नाहीत, पण उरलेले सोळा किलोमीटर त्यांनी न पाहता एकाच वेगाने काढले, आणि माझी नोंद पाहिली तर त्यांच्याबरोबरचा कुठलाही किलोमीटर आठ सेकंदांपेक्षा जास्त इकडेतिकडे गेलेला नव्हता.

जानेवारीच्या सुरुवातीला घड्याळाने भाकीत केले की मी पूर्ण मॅरेथॉन ४ तास १२ मिनिटांत धावेन. किलोमीटरला सहा मिनिटांच्या हिशेबाने ४ तास १३ मिनिटे होतात, तेव्हा मी सहाचा वेग धरायचे ठरवले. इथे माझ्यातला तपासनीस झोपला होता हे कबूल केले पाहिजे. ते भाकीत साडेसातशे मीटर उंचीवरच्या, सकाळी अंगात स्वेटर लागणाऱ्या गावातल्या नोंदींवरून काढलेले होते आणि शर्यत समुद्राकाठी होती.

२१ जानेवारीला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालो. पहिल्या दोन किलोमीटरांत उंच इमारतींमुळे तात्कालिक वेगाचा आकडा किलोमीटरला ४.४० (४ मिनिटे ४० सेकंद) पासून ७.२० पर्यंत उड्या मारत होता. तो पाहून जे वेग वाढवत-कमी करत होते त्यांची मला कीव आली. मी किलोमीटरची सरासरी पाहत होतो, तेवढे शहाणपण माझ्याकडे होते. पहिला अर्धा भाग २ तास ६ मिनिटांत झाला. मात्र सी लिंक मागे पडून ऊन चढू लागले तसे छातीपट्ट्याने १६५ दाखवायला सुरुवात केली. याच वेगाला बेळगावात १४८ असत. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळवावे लागते, घामाने रक्तातले पाणीही कमी होते, आणि तेवढेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. हे सगळे मला ठाऊक होते. साधन बरोबर आकडा दाखवत होते आणि मी तो भाकिताच्या लोभाने पाच किलोमीटर दुर्लक्षिला. बत्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय लाकडाचे झाले, पेडर रोडचा चढ मी चालत चढलो आणि दुसऱ्या अर्ध्या भागाला २ तास ३२ मिनिटे लागली. एकूण ४ तास ३८ मिनिटे.

शेवटची गंमत वेगळीच होती. घड्याळात ४२.१९५ किलोमीटर भरले तेव्हा शेवटची रेषा अजून साडेसहाशे मीटर पुढे होती. रेषेवर घड्याळ ४२.८६ दाखवत होते. शेजारचा एक धावपटू आयोजकांनी अंतर वाढवले असे ओरडत होता. मान्यताप्राप्त मॅरेथॉनचा मार्ग चाकाला मोजणी यंत्र लावलेल्या, आधी तपासून घेतलेल्या सायकलने सगळ्यात आखूड रेषेवर मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्तच धरतात. आपण पाण्याच्या टेबलाकडे वळतो, गर्दीतून वाट काढतो, वळण बाहेरून घेतो. त्यात घड्याळाची स्वतःची चूक मिसळते. माझी ट्रॅकवरची चूक दीड टक्का होती आणि इथली १.६ टक्के निघाली, पण दोन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे हा मेळ योगायोगाचा आहे असे मी धरतो. परिणाम मात्र खरा आहे: घड्याळ सहाचा वेग दाखवते तेव्हा रस्त्यावर तो ६.०६ च्या आसपास असतो, आणि पूर्ण अंतरात चार मिनिटांचा फरक पडतो.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. मॅरेथॉनमध्ये बॅटरी एकतीस टक्के उतरली, ती माझ्या मते चांगली आहे. सातव्या महिन्यात पट्ट्याची पिन तुटली. खडेबाजारातल्या घड्याळजीने वीस रुपयांत बसवून दिली आणि ती अजून टिकून आहे. चार्जिंगच्या टोकांवर घामाने हिरवट थर चढला, त्याबद्दल कंपनीला कळवल्यावर घड्याळ पुण्याला पाठवा, तीन आठवडे लागतील, असे उत्तर आले. जुन्या टूथब्रशने आणि साध्या पाण्याने मी तो पाच मिनिटांत काढला. पट्ट्याखाली साबण अडकून पावसाळ्यात पुरळ उठले होते, आता आंघोळीच्या वेळी घड्याळ काढतो. मोबाइलवरचे मराठी संदेश वाचता येतात, वेलांट्या कधी कधी चुकीच्या अक्षरावर बसतात; कन्नड संदेशांच्या जागी मात्र रिकामे चौकोन येतात, आणि आमच्या कारखान्याच्या गटात निम्मे संदेश कन्नडच असतात.

पुढच्या जानेवारीसाठी पुन्हा सराव सुरू करतो आहे आणि घड्याळ हेच राहील. भाकिताचे पान काढून टाकले आहे. पडद्यावर तीन आकडे ठेवले आहेत: एकूण वेळ, छातीपट्ट्याचे ठोके आणि फेरीची वेळ. ही फेरी घड्याळाने आपोआप मोजायची नाही. रस्त्यावरचा किलोमीटरचा फलक आला की बटण मी स्वतः दाबणार आहे. सुभेदारसाहेबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहिले, किंमत विचारली आणि परत दिले. “मग माझ्यात आणि ह्याच्यात फरक काय राहिला?” असे त्यांनी विचारले. छातीपट्टा, एवढेच उत्तर मला सुचले.