पुराचा फटका: विमा कंपनीला आणि बँकेला

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. भिजून फुगलेल्या तांदळाच्या गोण्या, गाळाने भरलेला गल्ला. अशा एकाच दुकानावर विमाही असतो आणि कर्जही; पण फटका विमा कंपनीला आणि बँकेला सारखा बसत नाही.

विमा कंपनीला तो लगेच बसतो. अख्खी पेठच बुडालेली, त्यामुळे दावे एकदम येतात. काही भार पुनर्विमा कंपनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी कंपनी, उचलते. शिवाय पॉलिसी बहुधा वर्षाचीच. पुढच्या वर्षी हप्ता वाढवता येतो किंवा विमा नाकारताही येतो. अमेरिकेत स्टेट फार्म या विमा कंपनीने २०२३मध्ये वाढत्या आपत्तींचा धोकाही कारण म्हणून सांगत कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या विम्याचे अर्ज घेणं थांबवलं.

बँकेला असं अंग काढून घेता येत नाही. दुकानाच्या गाळ्यावरचं कर्ज दहा-पंधरा वर्षांचं. धंदा बसला की हप्ते थकतात, ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्जात जमा. वर तारण ठेवलेला गाळाच पूररेषेत, मग त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

मला बँकेची बाजू जास्त नाजूक वाटते. विमा कंपनीने पाय मागे घेतला, की बँकेचं तारणही उघडं पडतं आणि दुकानदारही.