छापील चित्र, कोरा कागद की चौकटी? चमत्काराची गोष्ट रंगवायला देताना

तांबडा समुद्र रंगवायला दिला की वर्गातलं एक तरी पोर लाल खडू उचलतंच. त्याला हसू नका, नावच तसं आहे. माझी तक्रार त्याच्या खडूबद्दल नाही, आपण त्याच्या हातात देतो त्या चित्राबद्दल आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात पूर्वेचा वारा रात्रभर वाहतो आणि समुद्र मागे हटतो. मोशेबरोबर निघालेली इस्राएलची माणसं रात्रीची त्यातून चालताहेत. छापील चित्रात मात्र बहुतेक वेळा कोपऱ्यात गोल सूर्य! मुलांनी तो एकदा पिवळाधमक केला की गोष्ट दिवसाची होऊन बसते.

संडे स्कूलसाठी (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) किंवा घरी शिकवायला काय वापरावं या विचारात असाल, तर मुख्य पर्याय तीन: छापील रेखाचित्र, कोरा कागद आणि चौकटींची पट्टी, म्हणजे गोष्टीचे टप्पे एकापुढे एक काढायच्या चौकटी.

छापील चित्राला नावं ठेवली तरी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मी तेच घेते. मुलं जास्त आणि शिकवणारी एकटी असेल तर दुसरं काही जमतही नाही. हात गुंतलेले असले की लहान मुलं बरी ऐकतात, म्हणून गोष्ट आधी एकदा सांगायची आणि रंगवताना पुन्हा एकदा. नाहीतर सगळं लक्ष रेघेबाहेर रंग जाऊ नये याकडे, आणि तास संपल्यावर गोष्टीतलं काही विचारावं तर उत्तर नाही. चित्र निवडण्याआधी अध्याय उघडून बघा. येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाच्या येशूच्या चरित्रांत आहे, पण हिरवं गवत मार्क सांगतो आणि जवाच्या पाच भाकरी नि दोन मासळ्या जवळ असलेला मुलगा फक्त योहानात भेटतो. तो मुलगा आणि उरलेल्या तुकड्यांच्या १२ टोपल्या ज्या चित्रात असतील ते घ्या. नुसते हात उंचावलेला येशू असलेलं चित्र कुठल्याही गोष्टीला चालतं, म्हणूनच ते नको. माशाने गिळलेल्या योनाच्या चित्रात हमखास हसरा देवमासा असतो. योनाच्या पुस्तकात फक्त ‘मोठा मासा’ म्हटलंय. मग मुलांनाच त्याचा रंग ठरवू द्या.

आठ वर्षांपुढच्यांना कोरा कागद. मुलाने नेमकं काय ऐकलं ते इथे उघड दिसतं. येशूपर्यंत पोचवायला चौघांनी छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट सांगितली, तर एका मुलीने भोकातून डोकावणारी चार तोंडं काढली आणि खाली कपाळाला हात लावलेला घरमालक. घरमालकाचा वैताग शास्त्रात नाही, पण मार्क म्हणतो छप्पर उकरलं, लूक म्हणतो कौलं काढली. कुणाचं तरी घर फुटलंच ना! ‘मला येत नाही’ म्हणून अडून बसणाऱ्यासाठी छपराची एक रेघ आपणच ओढून द्यायची.

मला स्वतःला चौकटी सर्वांत आवडतात. चमत्कारात आधी एक असतं आणि नंतर दुसरं, आणि एकाच चित्रात यातलं एक सुटतं. येशू वादळ शांत करतो त्या गोष्टीला तीन चौकटी पुरतात: पाण्याने भरत चाललेली नाव, मागच्या बाजूला उशीवर झोपलेला येशू, मग सपाट पाणी. तिसरी चौकट मुलांना रिकामी वाटते, तिथे हमखास डॉल्फिन उगवतात. उगवू द्या, पण आधी विचारा की वारा कुठे गेला. येशूमुळे दृष्टी मिळालेल्या आंधळ्या बार्तीमयाची पहिली चौकट पूर्ण काळी करायला मुलांना फार मजा येते. येशूने मेलेली उठवलेल्या याईराच्या १२ वर्षांच्या मुलीची शेवटची चौकट म्हणजे जेवणाचं ताट, कारण ती उठल्यावर येशू तिला खायला द्यायला सांगतो. अडचण वेळेची आहे. एका बैठकीत पट्टी पुरी होत नाही, आणि पुढच्या रविवारी निम्मी मुलं वेगळी असतात.

वेळ कमी आणि वयं मिसळलेली असतील तर छापील चित्रच घ्या, फक्त कागदाची मागची बाजू ‘नंतर काय झालं’ यासाठी कोरी ठेवा.

काना गावच्या लग्नाला, जिथे येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, मात्र यातलं काहीच नको. सहा दगडी रांजण काढून द्या, त्यांत पाण्याचा फिका निळा रंग भरून वाळू द्या आणि मग वरून लाल पाणीरंगाचा ब्रश फिरवायला सांगा. निळ्याचं जांभळं होतं आणि कुणीतरी ओरडतंच, ‘जादू!’ तेव्हा मी विचारते, जादूगार तर सगळ्यांना दाखवून करतो, इथे कुणाकुणाला कळलं? भोजनकारभाऱ्याला कळलं नव्हतं. पाणी भरणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं. मग मुलं ब्रश ठेवून रांजणांशेजारी चाकर काढायला लागतात.