'नुकतंच बांधलेलं' दुर्मिळ डिझेल इंजिन: फसवणूक कुठे होते

"फुल इंजिन काम केलंय, हजार किलोमीटरही झाले नाहीत." इंजिन मोजक्याच गाड्यांत बसलेलं असेल, तर या वाक्यानंतर फसवणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. त्या इंजिनाचा मूळ आवाज कसा आणि धूर किती, हे ऐकलं-पाहिलेला माणूस सापडत नाही. खडखड आली तरी "याचा आवाजच असा असतो" म्हटलं की भागतं.

अशीच घेतलेली एक गाडी थोड्याच दिवसांत ऑइल प्यायला लागली. बिलावर रिबोअर (झिजलेला सिलिंडर घासून मोठा करणं), नवे पिस्टन आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून नीट करणं) लिहिलेलं होतं. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं, तर पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइझचा, म्हणजे पिस्टन किती मोठा आहे त्याचा, आकडाच नाही. ०.५० मिमी रिबोअरसाठी घेतलेल्या पिस्टनवर तो सहसा ठोकलेला असतो. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कड होती. बोअर मारला असता तर ती उरलीच नसती. जुन्या पिस्टनवर फक्त नव्या रिंगा चढवल्या होत्या. भिंत काचेसारखी गुळगुळीत होती, होनिंगच्या (भिंत घासून खरबरीत करण्याच्या) तिरप्या रेषांचा पत्ता नव्हता. अशा भिंतीवर रिंगा बसतच नाहीत.

मग गाडी दाखवताना हे कळलं कसं नाही? ऑइल जाड भरलं होतं, त्यामुळे बेअरिंगचा आवाज दबला. थर्मोस्टॅट काढून टाकला होता, म्हणून तापमानाचा काटा वर चढलाच नाही. पंपाचं डिझेल कमी केलं होतं, त्यामुळे काळा धूर नाही (चढावर पिकअप पडतो, पण चक्कर सपाट रस्त्यावरच मारायला लावतात). आणि इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं.

म्हणून बोनेट उघडल्याबरोबर एक्झॉस्टजवळ हात न्या. ऊब लागली तर त्या दिवशी तपासणीच करू नका. थंड इंजिन चालू झाल्यावर पांढरा धूर थोडा वेळ चालेल. तो रेंगाळला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करायला तापणारा प्लग) किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) बघा. निळा धूर म्हणजे ऑइल. दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर गॅस पाण्यात शिरतोय.

आयडलवर ऑइल भरायचं झाकण उघडून तोंडावर उलटं ठेवा. किंचित थरथर चालते. झाकण उडायला लागलं, भकाभक वाफ आली, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांवरून खाली निसटतोय. हे बघताना ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) पाइप जागेवर आहे ना, तेही पाहा. तो काढून खाली सोडला की झाकण शांत राहतं.

कॉम्प्रेशन डिझेलच्याच गेजने मोजा, पेट्रोलच्या गेजला हा दाब झेपत नाही. शाबूत इंजिनात साधारण २५ ते ३० बार दाब येतो, पण त्या इंजिनाचा मूळ आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांपुढे गेला की सौदा थांबवा. कॅमेरा घालून भिंत पाहायची असेल, तर आधी रचना विचारा. प्रीचेंबर (डिझेल आधी पेटतं तो हेडमधला छोटा कप्पा) असलेल्या इंजिनात ग्लो प्लगचं भोक त्या चेंबरमध्येच उघडतं, तिथून सिलिंडर दिसत नाही.

ऑइलचा दाब कमी असल्याचं सांगणाऱ्या दिव्यावर तर अजिबात जाऊ नका. दाब अर्ध्या बारच्या आसपास गेला की तो विझतो. त्याचा स्विच काढून तिथे गेज लावा. तापलेल्या इंजिनात आयडलला एक बारच्या खाली काटा लोळत असेल, तर क्रँक-बेअरिंगचं काम झालंय यावर विश्वास ठेवायला जागा नाही.

बिलापेक्षा लेथवाल्याची मापं मागा: प्रत्येक बोअरचा व्यास, जर्नलची (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाची) साइझ, हेड किती घासलं, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो. हे शेवटचं माप या इंजिनांत फार महत्त्वाचं. हेड गॅसकेटची जाडी त्यावर ठरते, पण दुर्मिळ इंजिनाला मिळेल ती एकच जाडी बसवून मोकळे होतात. पातळ पडली तर पिस्टन हेडला लागतो, जाड पडली तर थंडीत इंजिन चालूच होत नाही.

काढलेले जुने पिस्टन आणि बेअरिंग शेल दाखवा म्हणा. खरं काम केलेला माणूस ते पोत्यात बांधून ठेवतो, निदान फोटो तरी काढतो. आणि ब्लॉकवरचा नंबर चिंधीने पुसून कागदांशी एकेक अक्षर ताडून बघा, कारण 'बांधलेलं' म्हणून कधीकधी दुसऱ्याच भंगार गाडीचं इंजिन रंगवून बसवलेलं असतं.