६२५ पैकी गुण: एका मोठ्या विद्यापीठाच्या भरती पोर्टलचे परीक्षण

महाराष्ट्रातील एका मोठ्या विद्यापीठाने सहायक प्राध्यापकांच्या जागांसाठी ऑनलाइन अर्ज मागवले, तेव्हा माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने एका दुपारी बसून अर्ज भरून टाकला आणि संध्याकाळी ती बाजारालाही जाऊन आली. त्याच अर्जाला मला सहा दिवस लागले. आम्ही दोघी एकाच वर्गात एम.एस्सी. झालो, दोघीही नेट ही प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहोत आणि संगणक दोघींनाही सारखाच येतो. फरक इतकाच की मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात राहते. माझी दहावी, बारावी आणि पदवी कर्नाटकातील असून पदव्युत्तर शिक्षण तेवढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाले आहे. या पोर्टलविषयी माझे जे काही मत झाले आहे ते त्या सहा दिवसांतून झालेले आहे, हे आधीच सांगते.

नोंदणीपासूनच सुरुवात करायची तर मोबाइल आणि ईमेल या दोन्हींवर स्वतंत्र ओटीपी येतो आणि तो दहा मिनिटांत बाद होतो. मलप्रभेचा उगम आमच्या बाजूला असला तरी मोबाइलच्या रेंजचा मात्र नाही, आणि जुलैच्या पावसात तर नाहीच नाही. तीनदा ओटीपी मुदत संपल्यावर आल्यानंतर मी खानापूरच्या एका ऑनलाइन सेंटरची वाट धरली. तेथील मुलगा अशा अर्जांना सरावलेला होता. “ताई, ओटीपी आला की लगेच सांगा हं, नाहीतर परत पहिल्यापासनं करायला पाहिजे बघा,” असे म्हणून त्याने आधी मला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवले, कारण त्याच्या दुकानात तेवढ्याच जागी दोन्ही कंपन्यांची रेंज येते.

एकदा आत गेल्यावर मात्र पोर्टल अनेक बाबतींत चांगले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. प्रत्येक पान वेगळे साठवले जाते, वीज गेली तरी भरलेली माहिती जात नाही, आणि अपूर्ण राहिलेली पाने बाजूच्या यादीत लाल रंगात दिसतात. फोटो किंवा सही मोठ्या आकाराची झाली तर नुसते ‘त्रुटी’ असे न म्हणता किती केबी जास्त झाले तेही सांगितले जाते. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांची सोय आहे. मात्र मराठी बाजू यंत्राकडून भाषांतरित करून घेतलेली आणि कोणीही न वाचलेली असावी, कारण पहिल्याच पानावर ‘आपण कोणत्या टपालासाठी अर्ज करीत आहात?’ असा प्रश्न आहे. ‘पोस्ट’ या एकाच शब्दाने हा घोळ केला हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. त्यानंतर मी मुकाट्याने इंग्रजी बाजू निवडली.

खरी परीक्षा नावाच्या पानावर सुरू झाली. आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव असे तीन रकाने सक्तीचे असून ते दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणेच भरावेत अशी सूचना आहे. आमच्याकडच्या गुणपत्रकांवर आडनावाच्या व वडिलांच्या नावाच्या जागी बहुतेकदा नुसती आद्याक्षरे असतात, आणि पोर्टल एका अक्षराचे नाव स्वीकारत नाही. म्हणजे सूचना पाळली तर पान पुढे जात नाही आणि पान पुढे न्यायचे तर सूचना मोडावी लागते. शेवटी पूर्ण नाव भरले आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र बेळगावच्या कोर्टाच्या आवारात नोटरीकडून करून घेतले. त्यात एक पूर्ण दिवस गेला.

यापुढची अडचण मला अधिक बोलकी वाटली. दहावीच्या गुणांसाठी ‘एकूण गुण’ या रकान्यात आकडा लिहिता येत नाही, यादीतून निवडावा लागतो, आणि त्या यादीत ५००, ६००, ६५०, ७०० आणि ७५० एवढेच पर्याय आहेत. कर्नाटकाची एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा, ६२५ गुणांची असते. प्रथम भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १०० असे ते गणित आहे, आणि मराठी माध्यमाच्या शाळेत ती १२५ गुणांची प्रथम भाषा मराठीच असते. महाराष्ट्रातील एका विद्यापीठाच्या यादीत नेमकी तीच बेरीज नसावी, याचे मला हसूही आले आणि वाईटही वाटले. ‘इतर’ हा पर्याय आहे, पण तो निवडताच मंडळाच्या नावांची दुसरी यादी उघडते आणि तीत कर्नाटकाच्या मंडळाचे जुनेच नाव आहे. २०२२ पासून ते कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यमापन मंडळ झाले आहे. जिल्ह्याच्या यादीतही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलले, आधार कार्डावर ‘बेळगावी’ आले, आणि पोर्टलवर मात्र अजून जुने इंग्रजी स्पेलिंग आहे. आम्ही मराठी माणसे बोलताना बेळगावच म्हणतो, त्यामुळे मला व्यक्तिशः त्या जुन्या नावाची तक्रार नाही. परंतु आधारवरील पत्ता आणि अर्जातील पत्ता जुळत नसल्याचा पिवळा इशारा प्रत्येक पानावर सोबत येत राहतो, आणि तो बंद करण्याची सोय नाही.

पत्त्याच्याच पानावर खाली एक प्रश्न आहे, आणि तो पाहिल्यावर मी क्षणभर थांबले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील, महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावात आपले १५ वर्षे वास्तव्य आहे काय, असा तो प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या नोकरभरतीत या गावांतील मराठी भाषकांना अधिवासाच्या बाबतीत जी सवलत मिळते तिच्यासाठी तो असतो. आपण कोठे तरी मोजले गेलो आहोत असे त्या ओळीने वाटले, हे नाकारत नाही. ‘होय’ निवडल्यावर गावांची यादी उघडली. माझे गाव तिच्यात होते. पण पुढच्या रकान्यात वास्तव्याच्या दाखल्याचा क्रमांक मागितला आहे आणि दाखला मराठी किंवा इंग्रजीत असावा अशी अट आहे. आमच्या नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळणारा दाखला कन्नडमध्ये असतो, आणि तो कन्नडमध्ये असणे त्या कार्यालयाच्या दृष्टीने योग्यच आहे. म्हणजे सवलत ज्या गावांसाठी आहे त्याच गावांतील कागद ज्या भाषेत निघतात ती भाषा पोर्टलला चालत नाही. भाषांतर करून, त्यावर पुन्हा नोटरीचा शिक्का घेऊन, मूळ दाखला आणि भाषांतर एकाच पीडीएफमध्ये जोडून मी ते ‘इतर कागदपत्रे’ या रकान्यात टाकले, कारण दाखल्याच्या रकान्यात एकच पान चढते. प्रवर्गाच्या बाबतीत प्रश्न उरला नाही. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३-ब या आरक्षित प्रवर्गात मोडतो, पण परराज्याच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण मिळत नसल्यामुळे खुल्या प्रवर्गाचे पूर्ण शुल्क भरणे क्रमप्राप्त होते.

पोर्टलची सर्वांत जमेची बाजू पात्रतेच्या पानावर आहे आणि तिला मी मोकळेपणाने दाद देते. सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा असल्यामुळे ज्या राज्याची दिली त्या राज्यापुरतीच ती ग्राह्य असते. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. कर्नाटकाची के-सेट पूर्वी म्हैसूर विद्यापीठ घेत असे आणि आता कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेते. माझी चुलत बहीण के-सेट उत्तीर्ण आहे आणि तिलाही याच जाहिरातीत रस होता. आम्ही तिचा अर्ज उघडून ‘सेट – कर्नाटक’ एवढे निवडताच पोर्टलने स्पष्ट शब्दांत सांगितले की ही पात्रता या भरतीसाठी चालणार नाही, आणि ते शुल्क भरण्याच्या आधी सांगितले. कोल्हापूर आमच्या घरापासून एका सकाळच्या प्रवासाच्या अंतरावर असले तरी तिच्या प्रमाणपत्राला ती सीमा ओलांडता येत नाही; ती वाईट बातमी असली तरी वेळेवर आणि फुकट मिळाली. याआधी दुसऱ्या एका संस्थेने तिच्याकडून शुल्क घेऊन चार महिन्यांनी अपात्रतेचे पत्र पाठवले होते.

त्याच्या पुढचे पान गुणांकनाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील ३-अ या तक्त्यानुसार पोर्टल आपोआप बेरीज करते, आणि मी अर्ज केला तेव्हा मुलाखतीला कोणाला बोलवायचे यासाठी हाच तक्ता वापरला जाणार होता. पदवीला साठ ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान गुण असल्यास १३, पदव्युत्तरला त्याच टप्प्यात २३, पीएच.डी.ला ३०, नेटला ५ आणि सोबत जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) असल्यास ७, प्रत्येक शोधनिबंधाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०, अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०. माझी पीएच.डी. अजून झालेली नाही. १३, २३, ५ आणि तीन निबंधांचे ६ मिळून ४७ दिसले. बेरीज डोळ्यांसमोर होते, प्रत्येक आकड्याशेजारी नियमाचे कलम दिलेले आहे, आणि चुकीची टक्केवारी टाकली तर सुधारताही येते. कागदी अर्जाच्या काळात हा हिशेब आतल्या आत व्हायचा आणि उमेदवाराला तो कधी कळतही नसे.

मात्र अनुभवाच्या रकान्यात मला शून्य मिळाले आणि तेथे पोर्टलने तोंड मिटून घेतले. मी आमच्या भागातील एका पदवी महाविद्यालयात तीन वर्षे अतिथी व्याख्याती म्हणून शिकवले आहे. नियुक्तीच्या पद्धतीत ‘कायम’, ‘तात्पुरती’ आणि ‘कंत्राटी’ असे तीनच पर्याय आहेत. मी ‘कंत्राटी’ निवडले, मासिक मानधन भरले, आणि सहाच्या जागी शून्य उमटले. कारण मी नंतर नियमावलीत शोधून काढले: तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरायची असेल तर इतर अटींबरोबरच एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी असता कामा नये, अशी अट आहे. नियमित नेमणुकीचे मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होते. अतिथी व्याख्यात्याचे मानधन त्याच्या जवळपासही जात नाही. कमी पैशांत राबवून घेतलेली वर्षे पुढे मोजतानाही कमीच धरावीत, या नियमाविषयी माझे मत कडवट आहे, पण त्याचा दोष पोर्टल बनवणाऱ्यांना देता येणार नाही. त्यांचा दोष एवढाच की सेटच्या बाबतीत जे पोर्टल दोन ओळींत कारण सांगते, तेच येथे एक अक्षरही सांगत नाही, आणि उमेदवार तासभर आपलेच काही चुकले असावे असे समजून तारखा बदलत बसतो.

तुलनेसाठी एक सांगते. केंद्रीय विद्यापीठांसाठी आयोगाने २ मे २०२३ रोजी ‘सीयू-चयन’ हे सामाईक पोर्टल सुरू केले. तेथे एकदा आपली माहिती भरली की वेगवेगळ्या केंद्रीय विद्यापीठांच्या जाहिरातींना एकाच खात्यातून अर्ज करता येतो. राज्य विद्यापीठांच्या बाबतीत मला प्रत्येक वेळी नवे खाते, नवा ओटीपी आणि ६२५ चा तोच वाद पुन्हा घालावा लागतो. माझी गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये आहेत, पण या पोर्टलला ती थेट घेता येत नाहीत; त्यामुळे डिजिलॉकरमधून उतरवून, आकार कमी करून पुन्हा चढवण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागतो.

शुल्क यूपीआयने पहिल्या फेरीत कापले गेले आणि अर्जात ‘प्रलंबित’ दिसत राहिले. मदतकक्षाचा दूरध्वनी दोन दिवस कोणी उचलला नाही. ईमेलला मात्र तिसऱ्या दिवशी उत्तर आले, आणि ते ठरावीक साच्यातले नव्हते. पैसे भरल्याचा क्रमांक मागून घेऊन त्या व्यक्तीने त्याच दिवशी पावती तयार करून दिली, शिवाय ६२५ चा पर्याय पुढच्या जाहिरातीपूर्वी घालण्यासाठी कळवले आहे असेही लिहिले. घातला गेला की नाही ते पुढच्या जाहिरातीत दिसेल.

गुणपत्रके एकाच राज्याची आणि नाव तीन शब्दांचे असेल त्यांनी या पोर्टलला पाचपैकी चार तारे द्यावेत, माझ्याकडून तीन. सीमाभागातून अर्ज करणाऱ्यांनी जाहिरात येण्याची वाट न पाहता नावाचे प्रतिज्ञापत्र, वास्तव्याच्या दाखल्याचे भाषांतर आणि सीजीपीए (श्रेणी-गुणांची सरासरी) टक्केवारीत बदलल्याचे आपल्या विद्यापीठाचे पत्र हे तीन कागद आधीच करून ठेवावेत.

अर्ज सादर झाल्यावर शेवटच्या पानावर समजते की त्याची छापील प्रत सर्व जोडपत्रांसह चार संचांत, पंधरा दिवसांत पोहोचेल अशी पाठवायची आहे. खानापूरच्या सेंटरमध्ये झेरॉक्स काढून, प्रत्येक पानावर सही करून, पावसाचे म्हणून दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी ते गाठोडे पोस्टात नेले. स्पीड पोस्टच्या नोंदीप्रमाणे ते तिसऱ्या दिवशी विद्यापीठात पोहोचले होते. पोर्टलवर ‘प्रत अप्राप्त’ ही ओळ एकोणीस दिवस तशीच होती. तोवर त्या पहिल्या पानावरचा प्रश्न मला बरोबरच वाटू लागला होता. मी अर्ज टपालासाठीच केला होता.